पाणी आल्याचे एकमत

चऱ्होलीच्या शांतीसंगम सोसायटीत टाकी एक, व्हॉल्व्ह एक आणि विंग दोन, हा विषय सर्वसाधारण सभेत कित्येक वर्षे अनिर्णित होता. व्हॉल्व्ह ज्या विंगकडे आधी फिरे तिला पाणी, दुसरीला नळाची नुसती फुसफुस. अखेर समितीने ठराव केला, की पाण्याची नोंद ब्लॉकचेनवर ठेवावी, म्हणजे ती कुणा एकाला खोडता येणार नाही. ब्लॉकचेन म्हणजे काय हे समितीला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ठराव एकमताने झाला.

काम आलं बी विंगमधल्या निरंजनच्या गळ्यात. बिचारा तळवड्याच्या कंपनीत प्रोग्रामर. फुकट राबायला एवढी पात्रता पुरते. शिवाय त्याला गरजही होती. रविवारी लेकीचं बारसं, घर पाहुण्यांनी भरणार, आणि बायकोने, रुपालीने, त्याला एवढंच विचारलं होतं, की त्या दिवशी तरी नळाला पाणी येईल ना.

खरी नोंद कोणती हे ठरवायच्या दोन रीती त्याने सभेला समजावल्या. पहिलीत सगळ्यांचे कॉम्प्युटर गणितं सोडवणार; जो आधी सोडवेल त्याची नोंद पक्की. ती करून पाहिली. सोसायटीचा फ्यूज उडाला, पंप बंद पडला आणि दोन्ही विंगना समान न्याय मिळाला.

राहिली स्टेकिंगची रीत. प्रत्येकाने काही तारण ठेवायचं. तारण मोठं त्याच्या मताला वजन जास्त, आणि नोंद खोटी ठरली की तारण जप्त. पैशाचं नाव निघताच लोक चपला शोधू लागले. तेव्हा अध्यक्ष उद्धवराव बोलले. सोसायटीची जमीन मूळ त्यांची, राहायला ए विंगमध्ये, आणि निम्म्याहून अधिक पार्किंग त्यांच्याच नावावर.

"पार्किंग ठिवा की. ज्याचं जास्त अडकलंय त्याचंच ऐकायचं. ह्यात चुकीचं काय हाय?"

शास्त्राप्रमाणे काहीच चुकीचं नव्हतं. निरंजनने स्वतःच्या हाताने तसा प्रोग्राम लिहिला.

दुसऱ्याच दिवशी बी विंगचे नळ कोरडे. मोबाईलने विचारलं, 'दोन्ही विंगना पाणी आले?' उद्धवरावांनी 'आले' दाबलं, निरंजनने 'नाही'. यंत्रणेने वजन केलं, निरंजनला खोटा ठरवलं आणि त्याच्या मोटारीची जागा जप्त केली. उरली फक्त रुपालीच्या स्कूटरची.

तो शेजारच्या फारूकभाईंकडे गेला. दारात रिकामे हंडे, आणि भाईंनी 'आले' दाबलेलं.

"भावा, पाणी टँकरने येतं. पार्किंग कशाने आणू?"

शनिवारपर्यंत अख्ख्या बी विंगला पाणी आलं. नळ कोरडे होते, पण नोंदीवर एकही हरकत नव्हती.

रविवारी पाळणा सजला. रुपालीने नळ सोडला, फुसफुस. तेवढ्यात मोबाईल वाजला. निरंजनने तिच्याकडे न पाहता 'आले' दाबलं. तिला रडू आलं, त्यालाही लाज वाटली. पण स्कूटर रस्त्यावर लावायची म्हणजे चोरीची भीती.

जेवणं झाली. बी विंगच्या मंडळींनी कोरड्या नळाखाली हात धरले, रुमालाला पुसले आणि बाळाला आशीर्वाद दिले. तेवढ्यात दापोडीची गोजाआत्या मोरीतून ओरडली, "अरे, नळाला पाणी कुठंय?"

सगळे तिच्याकडे कीव आल्यासारखे बघू लागले. आत्या बसने आली होती. तिचं काही अडकलेलं नव्हतं.

हसताय? हसा. तुमच्या नळाला पाणी येतच असणार. गाडी कुठं लावता तेवढं सांगा.