हरिदासची दुसरी मागणी, गाण्यांसह

दुःख झाल्यावर जो देश रांगेनं नाचतो, तो देश पुढारलेला समजावा. हे सत्य आंजी (मोठी) गावास सन १९५७च्या पौषात, फिरत्या टॉकीजच्या तंबूत कळलं. (त्यापूर्वी गाव दुःख झाल्यावर नुसतंच बसत असे.)

चित्र अमेरिकेचं होतं. प्रेक्षक एकशे ब्याऐंशी. पैकी इंग्रजी जाणणारे शून्य, रडलेले एकशे ऐंशी. (उरलेले दोघे झोपले होते, त्यांनी घरी जाऊन रडण्याचं कबूल केलं.) मशीनवाल्यानं भोंग्यातून खुलासा केला, "हेच चित्र वीस वर्षांमागं निघालतं. तवा कोणी पाह्यलं नाई. आता कथा तीच, फक्त गाणी वाढवली!"

हरिदास ताडकन उठला. मागच्या चैत्रात त्यानं बापूरावांच्या सुलोचनाला मागणी घातली होती. "पोरगं मुकं दिसते," म्हणून बापूरावांनी नकार दिला होता. त्या मागणीत गाणी नव्हती, ही त्रुटी आज ध्यानात आली.

दंडारीच्या खेळात ढोलकी वाजवणारे कवडूजी यांच्या अध्यक्षतेखाली ठराव झाला: सदर मागणी पुन्हा काढावी, कथा, माणसं, अंगण व टोपी तीच ठेवावी, गाणी सात, पैकी एक जिन्यावरून उतरत (गावात जिना नसल्यानं कडब्याच्या गंजीवरून).

रविवारी सकाळी बापूरावांच्या अंगणात हरिदास गंजीवरून गात उतरला. मागं बारा जण एकदम पाय उचलत.

"तुह्या दारीचा गं वारा माह्या दारी येत नाई,
येक होकार दे राणी, दुजं काई घेत नाई."

बापूराव विरघळले. "पोरगं बोलते की! मले पसंत..."

कवडूजींनी ढोलकी थांबवली. "बापूराव, कथा काऊन बदलवून राह्यले? तुमचं 'नाई' आहे."

"पण आता हो म्हणावं वाटून राह्यलं ना, कवडूजी!"

"मंग ते दुसरंच चित्र झालं."

नियमापुढे बापाचं काय चालणार? डोळे पुसत बापूरावांनी चार कडव्यांत नकार दिला. तो इतका गोड झाला की पहिला "वन्समोर!" खुद्द हरिदासनंच ओरडला. नकार एकूण तीनदा झाला.

आत चुलीपाशी सुलोचना चैत्रापासून म्हणत होती, "मले तो पसंत आहे." आजही म्हणाली, पण ढोलकी जोरात होती. तिला विचारायचं ठरावात नव्हतं, म्हणून कोणी विचारलं नाही. सुज्ञ वाचकहो, तुम्हाला तर कुठल्या ठरावानं बांधलं नव्हतं. तरी तुम्हीही इथवर मजेत आलात. आता विचारायला निघाला असाल तर राहू द्या, ती पाण्याला गेली.