अण्णांच्या मागे कोण होतं?

“शनिवारपर्यंत या गाडीचा रोग शोधून काढला नाही, तर बापाचं नाव लावणार नाही!”

अण्णांनी ही घोषणा केली तेव्हा ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते आणि त्यांची लेक त्यांच्या सोललेल्या कोपराला औषध लावत होती. घोषणा करायला ही जागा काही बरी नव्हे! औषध झोंबलं आणि बापाचं नाव घेता घेता अण्णा ‘आई गं’ म्हणून ओरडले.

“रोगबिग काही शोधू नका,” लेक म्हणाली. “जुन्या गाड्यांचा तो शौकीन रविवारी येतोय. मी फोन केलाय त्याला. गाडी त्याला द्यायची, विषय संपला.”

“मला न विचारता?”

“तुम्ही खड्ड्यात पडलात ते मला विचारून पडलात का?”

तिने पट्टी बांधली, गाठ मारली आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, “आईला जाऊन अजून वर्ष झालं नाही, अण्णा. एका वर्षात दोनदा मला ते सगळं करायचं नाहीये.”

अण्णांनी पट्टीची गाठ चाचपून पाहिली. पण हार मानतील तर ते अण्णा कसले? “आणि सरळ चालवून दाखवली तर?”

“ऐंशीच्या वेगाने?”

“ऐंशीच्या वेगाने!”

“तर त्या माणसाला नको म्हणून सांगेन. पण नाही झाली, तर रविवारी गाडी जाणार. मग रुसून बसायचं नाही.”

आता अण्णांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. अण्णांची सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. दुसऱ्याने केलेल्या कामातली चूक काढायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा! निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. घरातल्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे त्यांनी एकदा पाहुण्याला सांगितलं, तेही पाहुणा बसल्यावर! आणि अशा माणसाची मोटारसायकल, लेकीपेक्षाही वयाने मोठी, रोज पुसून लख्ख ठेवलेली, गेल्या काही महिन्यांपासून भर रस्त्यात त्यांची अब्रू काढत होती.

सत्तरपर्यंत गाडी अगदी गरीब गाय. काटा सत्तरच्या पुढे सरकला, की हँडल औषध नको म्हणणाऱ्या पोरासारखं डावी-उजवीकडे मान हलवायला लागायचं. आधी हळू, मग जोरात, मग अख्खी गाडीच लटलटायची! परवा याच लटलटीत अण्णा खड्डा बघायला खाली उतरले होते, गाडीसकट.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं. “टायर! शंभर टक्के टायर!”

टायर बदलला. गाडी लटलटली.

“मग हँडलचे बेअरिंग. शंभर टक्के!”

बेअरिंग बदलले. गाडी नव्या जोमाने लटलटली.

“चाकाला बाक आलाय, अण्णा. शंभर टक्के सांगतो.”

“आधीचे दोनशे टक्के कुठे गेले?” अण्णा कडाडले. त्यांनी स्वतः चाक फिरवून पाहिलं. बाक नव्हता. तारा ताणलेल्या, बोल्ट घट्ट, मागचं चाक पुढच्याच्या अगदी सरळ रेषेत. मिस्त्रीने खांदे उडवले. “मग गाडीला बाहेरची बाधा झाली असेल,” तो म्हणाला आणि चहा प्यायला निघून गेला.

अण्णा घरी, गाडीच्या शेडच्या पायरीवर येऊन बसले. कारखान्यात त्यांचा एक नियम होता. कालपर्यंत चांगला निघणारा माल आज बिघडला, तर यंत्राला शिव्या देऊ नका. मध्ये काय बदललं ते शोधा! त्यांनी मनाशी उजळणी सुरू केली. पेट्रोल तेच. रस्ता तोच. तेल तेच. गाडी हलायला लागली ती थंडी संपता संपता. त्याच्या आधी वर्षानुवर्षं कधीच नाही. मग त्या थंडीत बदललं काय?

उत्तर त्यांना लगेच आलं होतं, पण ते त्यांनी बराच वेळ तपासणीला घेतलंच नाही. उठले, हात धुतले, उगाच शेड झाडली. शेवटी मागच्या सीटकडे बघत उभे राहिले. त्या थंडीत बायको गेली होती. नोकरीला जायला कारखान्याची बस होती; लग्न झाल्यापासून अण्णा या गाडीवर एकटे असे कधी फिरलेच नव्हते. भाजी आणायला दोघं, दवाखान्यात दोघं, काही काम नसलं तरी दोघं! त्यांनी रिकाम्या सीटवर हात ठेवला. आणि तपासणी खात्यातला माणूस बघा, तशाही स्थितीत त्यांच्या मनात आलं की हे नुसतं म्हणून चालणार नाही, चाचणी घ्यायला हवी.

म्हणजे मागच्या सीटवर तेवढंच वजन ठेवायला हवं.

वाळूचं पोतं बांधलं, ते पहिल्याच वळणावर घसरलं. मग अण्णांची नजर शिवणाच्या खोलीत गेली. बायको कपडे शिवायची. तिचा मापाचा पुतळा कोपऱ्यात उभा होता. नुसतं धड, आत पोकळ. अण्णांनी तो आणून सीटवर पट्ट्यांनी आवळला आणि वरून डब्याडब्याने वाळू ओतली. बायकोचं वजन त्यांना पाठ होतं, अठ्ठावन्न किलो. तेवढीच वाळू, एक मूठ इकडे नाही की तिकडे नाही.

पहाटे गाडी बाहेर काढली, तर समोरून येणाऱ्या दूधवाल्याने बिनडोक्याची बाई पाहिली आणि किटली टाकून धूम ठोकली! अण्णांनी परत येऊन पुतळ्यावर बायकोचं हेल्मेट बसवलं. शिवणीतून वाळू गळत होती, म्हणून वरून तिचा पिवळा रेनकोट चढवला. पुतळा जरा डुलत होता, म्हणून रेनकोटच्या रिकाम्या बाह्या पुढे घेऊन स्वतःच्या पोटावर गाठ मारली. काम कसं पक्कं हवं!

मोठ्या रस्त्याला लागले. साठ. सत्तर. अण्णांनी दात आवळले. पंचाहत्तर. हँडल गप्प. ऐंशी! गाडी दोरी ताणल्यासारखी सरळ चाललेली!

“बघितलंस का?” अण्णा मान मागे वळवून ओरडले. “बघितलंस? म्हटलं नव्हतं मी?”

काटा ऐंशीला टेकला की दरवेळी पाठीत एक गुद्दा बसायचा. “अहो, हळू! घरी पोहोचायचंय!” अण्णांनी आपसूक पाठ आक्रसून घेतली आणि वाट पाहिली. गुद्दा काही बसला नाही. ते तसेच हसत हसत पुढे गेले, पण गाडी पन्नासवर आणून.

आणि नेमकी त्याच वेळी वळणावर समोरच्या घरातली काकू फिरायला आली होती. तिला सगळी गल्ली मागून ‘दवंडी’ म्हणते. यापलीकडे तिची ओळख करून देण्याची गरज नाही. दवंडीने काय पाहिलं? अण्णा गाडीवर. मागे बाई. बाईची अण्णांच्या कमरेला मिठी. आणि अण्णा मागे वळून वळून तिच्याशी बोलताहेत, हसताहेत! दवंडी फिरायचं विसरली आणि धावतच घरी गेली.

दुपारी लेक आली. मागोमाग जावई.

“कोण होती ती?” लेकीने चप्पलही काढली नाही.

“कोण?”

“सकाळी मागे बसलेली! मला आतापर्यंत सहा जणांचे फोन आलेत!”

आता अण्णांपुढे दोनच वाटा होत्या. खरं सांगावं, तर लेक म्हणणार, आमचे वडील गेलेल्या बायकोचा पुतळा करून पहाटे गावभर फिरवतात. मग गाडी तर जाणारच, वर डॉक्टरही येणार! त्यापेक्षा, अण्णांनी मनाशी हिशेब केला, वेडा ठरण्यापेक्षा रंगेल ठरलेलं बरं.

“आहे एक,” ते छताकडे बघत म्हणाले. “ओळखीची.”

“वा, अण्णा!” जावई मनापासून म्हणाला. लेकीने एकच नजर टाकली तसा तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

“आणि तिला आईचा रेनकोट दिलात?” लेकीचा आवाज फुटला. “पिवळा, खांद्यावर हिरवं ठिगळ असलेला! काकूंनी ठिगळासकट सांगितलं मला. ते ठिगळ मी लावलंय, अण्णा. शाळेत असताना. मी शिवलेली पहिली गोष्ट होती ती. तोच मिळाला का तुम्हाला त्या बाईला द्यायला?”

लेक रडायला लागली. अण्णांना रंगेलपणा एवढा महागात पडेल असं वाटलं नव्हतं.

“शेडमध्ये चल,” ते म्हणाले.

“का?”

“ती शेडमध्ये आहे.”

“शेडमध्ये बसवून ठेवलीत?” जावई उडालाच. माणूस सभ्य! अंधाऱ्या शेडमध्ये सगळ्यात आधी तोच शिरला, पाठमोऱ्या हेल्मेटला वाकून म्हणाला, “नमस्कार, मी जावई.” उत्तर आलं नाही. रेनकोटखालून थोडी वाळू मात्र सांडली.

अण्णांनी दिवा लावला. लेक पुढे गेली. तिने ठिगळावरून हात फिरवला, हेल्मेटची काच वर करून आतल्या पोकळीत बघितलं.

“वाळू किती भरलीत?”

“अठ्ठावन्न किलो. बरोब्बर.”

“आई चौसष्टची होती,” लेक नाक पुसत म्हणाली. “तुम्हाला खोटं सांगायची.”

“सहा किलो?” तपासणी खात्याचा माणूस हादरला! आयुष्यभर एवढी मोठी चूक त्यांच्या नजरेतून सुटली होती. मग लेक हसायला लागली, आणि हसता हसता पुन्हा रडली.

अण्णांनी तिला सगळं समजावून सांगितलं. लग्नानंतर दोघं बसली की गाडी मागून खाली बसायची, म्हणून त्यांनीच मागच्या दोन्ही स्प्रिंगा आवळून ठेवल्या होत्या. दोघांच्या बेताने. त्या तशाच राहिल्या. आता एकटा माणूस बसला की मागची बाजू वर उचललेली, पुढचं नाक खाली, आणि वेग वाढला की हँडल भरकटलेलं. बाकी गाडीत काही दोष नाही.

“मग स्प्रिंगा सैल करायच्या की! कितीसा वेळ लागतो?”

“दहा मिनिटं.”

“मग सकाळपासून केल्या का नाहीत?”

“पाना सापडत नव्हता.”

पाना अण्णांच्या हातात होता. लेकीने तो पाहिला. जावयानेही पाहिला, पण आता तो शहाणा झाला होता, बोलला नाही.

“सैल केल्यावर पुन्हा दोघं नाही बसू शकत,” अण्णा पुटपुटले. “गाडी मागून टेकते.”

“पण आता मागे बसणार कोण आहे?” लेक बोलून गेली, आणि लगेच तिने जीभ चावली.

अण्णांनी मान डोलावली. तिघांनी मिळून पुतळा खाली उतरवला. लेकीने रेनकोटची घडी करून पिशवीत घातली. मग अण्णा गुडघ्यावर बसले आणि दोन्ही स्प्रिंगा त्यांनी एकट्याच्या बेताने सैल केल्या. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लेकीने तिथेच उभं राहून शौकिनाला फोन केला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा एकटे निघाले. सत्तर, ऐंशी, पंच्याऐंशी! हँडल हललं नाही. पैज जिंकली होती, गाडी वाचली होती, आणि त्यांना कोणाला काही सांगावंसं वाटत नव्हतं. ते परत फिरले, तर वळणावर दवंडी! ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, गाडी थांबवायलाच लागली.

“काय हो अण्णा, आज एकटेच?” तिने रिकाम्या सीटवर नजर फिरवली. “सोडून गेली वाटतं?”

अण्णांनी तोंड उघडलं ते तिला झापायला. पण बाहेर पडलं भलतंच.

“हो,” ते म्हणाले. “गेली.”

आणि बायको गेल्यापासून ज्यांच्या डोळ्यांत कोणी टिपूस पाहिलं नव्हतं ते अण्णा, भर रस्त्यात, गाडीच्या टाकीवर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागले. दवंडी घाबरली. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “चालायचंच हो,” ती म्हणाली. “असतात काही बायका अशा.”

संध्याकाळपर्यंत गल्लीत घराघरात पोहोचलं होतं, की अण्णा त्या पिवळ्या रेनकोटवालीसाठी लहान पोरासारखे रडले. दवंडीने सांगितलेली ही पहिलीच बातमी, जिच्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.