मंगलताईंचं नाणं

पहिल्या दिवशी मंगलताईंनी माझं नाव विचारलं नाही. मी हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून प्रयोगशाळेच्या दारात उभी होते. त्यांनी जुनं रुपयाचं नाणं काढलं, माझ्या हेल्मेटवर टकटक केलं, कान लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "डावीकडं थर सुटलाय. कधी पाडलंस, बाई?"

हेल्मेट पार्किंगमध्ये पडलं होतं. ते मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएचडी करतो. अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि अंबाडीचे धागे रेझिनने थरावर थर चिकटवायचे आणि दाबून पाटी करायची. धातूचा कणखरपणा आणि धाग्याचा हलकेपणा एकत्र हवा. पण आत कुठे थर सुटला असेल तर वरून काही दिसत नाही. नाणं वाजवलं की चिकटलेली जागा खणखणते, सुटलेली भद्द वाजते. तपासायला मशीनही आहे, पण मशीनला नंबर लावावा लागतो. मंगलताईंना लागत नाही.

त्यामुळे कॅन्टीनवाले त्यांच्याकडे कलिंगडं आणतात. सरांनी तर नव्या फ्लॅटच्या फरश्या वाजवायला त्यांना नेलं होतं. "हॉल भरीव हाय, सर. बेडरूम सगळी पोकळ," हे त्यांनी बिल्डरसमोर सांगितलं.

मला त्यांचा हेवा वाटायचा. त्या कानाचा तर वाटायचाच, पण कोल्हापूरकडच्या त्या कुरुंदवाडी आवाजाचा जास्त. मी एखादं वाक्य बोलण्याआधी मनात दोनदा इस्त्री करते. त्या सरळ फेकतात आणि लोक झेलतात. वर त्यांच्या पाट्या टिकायच्या, माझ्या सुटायच्या. मी पत्रा अगदी शोधनिबंधात लिहिल्याप्रमाणे साफ करायचे. एकदा त्यांनी माझ्या साफ पत्र्यावर पाणी ओतलं. त्याचे थेंब झाले.

"पाणी सपाट पसराय पायजे. थेंब धरला म्हंजे तेल हाय. भडंग खाल्लंस न्हवं?"

"हातमोजे घातले होते मी."

"व्हय. खातानाबी."

सगळे हसले. मी तो पत्रा पुन्हा घासला आणि आठवडाभर भडंगाकडे पाहिलं नाही.

मग बंगळूरची परिषद आली. आमच्या गटातून एकीनेच बोलायचं होतं. मला जायचं होतं. आरशासमोर माझं भाषण पाठही झालं होतं. सर म्हणाले, "मंगल जाईल. पाट्या तिच्या टिकल्यात." मी "अभिनंदन" म्हटलं. ते नक्कीच भद्द वाजलं असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसल्या. नाणं माझ्या हातात दिलं.

"माझं इंग्रजी वाजवून बघ की. पोकळ वाटंल तिथं टेबलावर मार. लाजू नको."

मी लाजले नाही. पहिल्याच वाक्याला तीनदा मारलं आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"परत म्हणा."

त्या परत म्हणायच्या. मी परत मारायचे.

"आरं देवा! मी काय चाळण हाय का, बाई?" म्हणून त्या हसल्या, पण कपाळावर घाम होता. हा आवाज कधी घाबरत असेल असं मला वाटलं नव्हतं.

मध्येच ऑफिसमधले पाटीलकाका नवा माठ घेऊन आले. ताईंनी वाजवला. "चांगला हाय, काका. च्या घेणार?" काकांनी माठ बगलेत मारला. "नगो, घाईत हाय." गेलेसुद्धा.

"सगळी वाजवून घ्याय येत्यात," दाराकडे बघत त्या म्हणाल्या. "बसत कोण न्हाय. तूच बसलीस."

त्यांनी शेवटची ओळ घेतली. इंग्रजीत सरांचे आभार मानले. मग आपली मैत्रीण म्हणून एक नाव घेतलं. रेवती, पुढे माझं आडनाव. इतके दिवस मी नुसती "बाई" होते. अख्ख्या भाषणात तेवढी एकच ओळ त्या न अडखळता बोलल्या. पाठ केली असावी.

नाणं वाजलं नाही म्हणून त्यांनी वर पाहिलं.

"परत म्हणा," मी म्हटलं.

"का? चुकलं व्हय?"

"नाही," मी म्हटलं. "ऐकायचं होतं."