चिमण्या इथे राहत नाही

"चिमण्या म्हणायचं नाही म्हटलं ना मी. एकदा सांगितलेलं कळत नाही का कुणाला?"

"मग काय म्हणू?" आई भांडी विसळता विसळता म्हणाली.

"ते ठरायचंय अजून."

"ठरेपर्यंत काय, शिट्टी मारू?"

चिमण्याचं डोकं तडकलं. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता म्हणून हे नाव पडलं. आता दारातून आत येताना मान वाकवावी लागत होती, ओठावर मिशीसारखं काहीतरी उगवलं होतं, शाळेला कायमचा रामराम ठोकून झाला होता, आणि तरी गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा त्याला चिमण्या म्हणायचं.

ताई शिक्षिका व्हायचा अभ्यास करत होती. घरात काहीही झालं की ती पुस्तकात बोट घालूनच बोलायची. "आई, ओरडू नकोस त्याला. या वयात मेंदूचं बांधकाम चालू असतं. मुलं तर्क करायला लागतात. मी कोण, हे शोधायला लागतात."

"कधी संपणार बांधकाम?" आई म्हणाली. "वाळू-सिमेंट पडलंय नुसतं, भिंत काही दिसत नाही."

"आजपासून चिमण्या अशी हाक मारली तर मी ओ देणार नाही. बास."

"नको देऊ. गच्चीवर जाऊन टाकी बघ, मोटर लावलीय. भरली की सांग."

तो पाय आपटत वर गेला. त्याला वर जायचं होतंच, कारण तिथून रस्ता दिसायचा. चौकातले गॅरेजवाले मिस्त्री त्याला कामाला घ्यायला तयार झाले होते. "उद्या दुपारी तुमच्या गल्लीत येतोय, तसाच माझ्याबरोबर चल. आणि हे बघ, मी कुणासाठी थांबत नाही," असं कालच बजावून सांगितलं होतं. नाव विचारलं तेव्हा याच्या तोंडून पटकन निघून गेलं, "मॅक्स." मिस्त्री जरा हसले होते. का, ते कळलं नव्हतं. घरी मात्र हे नाव सांगायची छाती झाली नाही. ताई हसून हसून मेली असती.

"चिमण्या, भरली का रे टाकी?" खालून आईची हाक आली.

टाकी काठोकाठ आली होती. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. चिमण्या नावाचं आता कुणी नाही. म्हणजे प्रश्न कुणाला विचारलेलाच नाही. मग उत्तर देणं हा नुसता चोंबडेपणा. इतकं बिनतोड त्याला शाळेत कधी सुचलं नव्हतं. तो स्वतःवरच खूश झाला.

"ओ देत नाही म्हणजे भरली नसेल," असं म्हणून आई पुन्हा भांड्यांकडे वळली.

थोड्या वेळानं जिन्यातून ताईचा आवाज आला. "गच्चीचं दार आपटतंय, अभ्यास होत नाही. चिमण्या, आहेस का वर?"

याचं तत्त्व अजून ताजं होतं. तो गप्प.

"नाहीये वाटतं." खटकन कडी लागली.

आता मात्र तो दाराकडे धावला, पण पलीकडून कडी लागलेली. टाकी भरून वाहायला लागली होती, पाणी चपलेत शिरत होतं. हाक मारली तर तत्त्व बुडणार होतं, न मारली तर गच्ची. तो ठरवतोय तोवर पाणी पन्हळीतून धो धो खाली गेलं, आणि खाली नेमकी मिस्त्रींची मोटरसायकल येऊन थांबली होती.

"अरे, कोण आंघोळ घालतंय?" मिस्त्री ओरडले. आई धावत बाहेर आली.

"अगं बाई, बाजूला या आधी."

"मॅक्स इथेच राहतो ना? उंच पोरगा. कामाला न्यायचंय त्याला."

"मॅक्स-बिक्स कुणी नाही हो इथे. मला एक मुलगा आहे, पण त्याचं नाव ठरायचंय अजून."

मिस्त्रींनी तिच्याकडे जरा जपूनच पाहिलं. "चुकीच्या घरी आलो मग," म्हणत त्यांनी किक मारली.

"मिस्त्री, थांबा. मी इथे आहे, वर. दाराला कडी लागलीय."

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी गेलेलं. "मी म्हणजे कोण?"

"मॅक्स!"

आईनं मान वर केली, पोराला पाहिलं, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. तिनं कमरेवर हात ठेवले. "कोण रे तू? आमच्या गच्चीवर कसा आलास? आमचा चिमण्या असता तर धावत जाऊन दार उघडलं असतं. परक्या पोराला घरातून कसं जाऊ देऊ मी?"

एव्हाना गल्लीतल्या खिडक्या भरल्या होत्या. मोटरसायकल घरघरत होती. यानं डोळे मिटले आणि फुटक्या आवाजात बोंब ठोकली, "मी चिमण्या आहे!"

पाण्याची मोटर बंद झाली, कडी निघाली. तो निथळत खाली आला तेव्हा मिस्त्री रुमालानं मान पुसत होते.

"चिमण्याच बरं. मॅक्स आमच्याकडे आधीच एक आहे."

"काय काम करतो?" चिमण्यानं विचारलं.

"गॅरेज राखतो. भुंकतो चांगला."

ताईनं पुस्तकात तोंड लपवलं. चिमण्या लाल झाला. क्षणभर विचार केला, मग मागच्या सीटवर टांग टाकली.

"मिस्त्री, तुम्ही चिमण्या म्हणा. पण घरच्यांनी म्हणायचं नाही."

"अरे, मग आम्ही काय म्हणायचं?" आईनं विचारलं.

"ते नंतर सांगतो. आता निघायला हवं, हे कुणासाठी थांबत नाहीत."