नोहाची शुद्ध

आमच्या नगर संग्रहालयातील फ्रेंच चित्रामधला नोहा गेल्या चैत्रात शुद्धीवर आला. अठराव्या शतकापासून तो त्या चित्रात मद्याच्या अमलाखाली विवस्त्र पडून होता. बायबलातील प्रसंगच तसा आहे. जलप्रलयातून आपल्या कुटुंबाला आणि प्राण्यांना नौकेत वाचवणारा हा वृद्ध स्वतःच्या द्राक्षमळ्यातील मद्य पिऊन तंबूत पडतो. दोन मुलगे पाठमोरे चालत येऊन त्याच्यावर चादर घालतात. तिसरा, हाम, पाहून हसतो आणि बापाचा शाप ओढवून घेतो.

संग्रहपाल अच्युतराव नेर्लेकर यांनी कार्यकारी समितीला तातडीने बोलावले. आम्ही पोहोचलो तेव्हा नोहा चादर छातीपर्यंत ओढून, चित्राच्या आतील बाजूस तोंड करून बसला होता. त्याचे मराठी जुन्या वळणाचे, परंतु निर्दोष होते.

"मी पडलो असता कोणी तरी हसत होते," तो म्हणाला. "झोपेतही ते ऐकू येत होते. जो हसला, त्याने माझ्या घरी चाकरी करावी, असा शाप मला द्यावयाचा आहे. तो कोण, ते सांगावे."

अध्यक्ष बाबासाहेब इंगवले खाकरले. "इतक्या वर्षांनी कशाला उगाळायचे, आजोबा?"

"मी आत्ताच उठलो आहे," नोहा म्हणाला.

हाम चित्राच्या कडेला उभा होता. त्याचे दात दिसत होते आणि गालांवरून पाणी ओघळत होते. त्याने मला खुणेने जवळ बोलावले.

"बाई, मला हसताना रंगवले आहे हो," तो हळूच म्हणाला. "तोंड मिटू गेलो तर रंगाला तडे जातात. बाबा आता वळतील, आणि त्यांना पहिला मीच दिसेन. हसत होते ते तुमच्या बाजूचे लोक. तुम्ही सांगा ना."

ते खरे होते. गावात कोणी पाहुणा आला की बाबासाहेब त्याला या चित्रासमोर उभे करीत आणि नोहाकडे बोट दाखवून, "हे आमचे उपाध्यक्ष," अशी ओळख करून देत. मागे उभे असलेले आम्ही सर्व सदस्य हसत असू.

बाबासाहेबांनी आम्हांला खिडकीपाशी नेले. "चित्रातल्या चित्रात मिटत असेल, तर मिटू द्यावे. संस्थेने त्यात पडू नये."

"मुलगा निर्दोष आहे," नेर्लेकर म्हणाले.

"अहो, तोंडावर हसू आहे त्याच्या! शिवाय बायबलातही त्याचेच नाव आहे."

"बायबल लिहिणारे आपल्या संग्रहालयात कधी आले होते?"

नोहा मान वळवू लागला होता. नेर्लेकर चित्रासमोर गेले. "हसलेल्यांनी हात वर करावा," असे म्हणून त्यांनी स्वतःचा हात वर केला. बराच वेळ तो एकटाच हात वर होता. मग बाबासाहेबांनी रुमालाने कपाळ पुसले आणि तोच हात रुमालासकट वर नेला. माझा हात त्यांच्यानंतर वर गेला. "ज्याने केले असेल त्याने उभे राहावे," असे वर्गाला मी आयुष्यभर सांगत आले होते.

नोहाने आम्हांला एकेक करून पाहिले. तो संतापला असता तर बरे झाले असते. "तुम्हीही वयस्कर आहात," एवढेच तो म्हणाला, आणि त्याने शाप दिला.

तेव्हापासून आमच्या पाळ्या लागल्या आहेत. संग्रहालय उघडले की चौकटीतून आत जायचे, रांजण घासायचे, गुरांना वैरण टाकायची. बाबासाहेबांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना द्राक्षे निवडण्याचे बैठे काम दिले आहे. माझा वार गुरुवार.

मागच्या गुरुवारी माझ्या काही जुन्या विद्यार्थिनी संग्रहालय पाहावयास आल्या. मी रांजणात वाकले होते. "अगं, या आपल्या बाई ना?" असे एकीने विचारले, आणि दुसरीला हसू आवरेना. मी मान वर केली नाही. नोहा जागचा उठला आणि त्यांना मी दिसणार नाही, अशा बेताने मध्ये येऊन उभा राहिला.