दोन टिंबांची ऑर्डर

"टिंबं ना? डोळे मिटून काढतो!" असं काका छातीठोकपणे म्हणाले, तेव्हाच कुलपांच्या त्या कारखान्याचं काही खरं नाही हे ओळखायला हवं होतं. काका म्हणजे ऑफिसातला सगळा पत्रव्यवहार बघणारे जुने कारकून. आणि टिंबं म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाच्या नावात इंग्रजी 'ओ'च्या डोक्यावर बसलेली दोन. मागच्या वर्षी ती राहिली, तर त्या गृहस्थानं पत्र न वाचताच परत धाडलं होतं!

"या वेळी टिंबं गेली तर ऑर्डर गेली," मालकांनी बजावलं, "आणि ऑर्डर गेली तर तुम्ही!"

शेजारच्या टायपिस्ट ताईंनी युक्ती सांगितली. "काका, ऑल्ट दाबून धरा, आणि उजवीकडच्या आकड्यांवर..."

"मला शिकवू नका हो!"

शिकवून उपयोगही नव्हता. काकांच्या लॅपटॉपला उजवीकडे आकडेच नव्हते. पण काकांचं एक गुपित होतं! मागच्या वर्षी बोलणी खाल्ल्यावर त्यांनी चिडून मालकांच्या नावे मराठीत झणझणीत राजीनामा टाइप केला होता. त्यात ते नाव कुठूनसं उचलून, टिंबांसकट, ईर्ष्येनं डकवलेलं. द्यायचं धाडस मात्र झालं नाही.

काकांनी तो राजीनामा उघडला, नाव उचललं, पत्रात चिकटवलं. तेवढ्यात मालक डोक्यावर हजर!

"झालं का?"

"झालं, झालं!" गडबडीत काकांनी ईमेलला फाइल जोडली आणि पाठवून दिली.

मालक वळले, आणि काकांनी पाहिलं. पत्र होतं तिथंच होतं. गेला होता राजीनामा!

"ताई, पाठवलेलं मागे ओढता येतं का हो?"

"छे! आणि मालकांना प्रत आपोआप जाते, माहीत आहे ना?"

पाचव्या मिनिटाला केबिनमधून हाक आली. मालक मोठ्यानं वाचत होते, "'आपल्यासारख्या आडमुठ्या माणसाच्या हाताखाली...' अहो काका!" घरी बायकोला काय सांगायचं, याची काका मनात जुळवाजुळव करू लागले.

इतक्यात गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. 'पत्राची भाषा आम्हाला येत नाही, एक अक्षर कळलं नाही. पण माझं नाव तुमच्याकडून पहिल्यांदाच नीट आलं! ऑर्डर दुप्पट करा. यापुढे मला याच गृहस्थांनी लिहावं.'

मालकांनी ते दोनदा वाचलं. घसा खाकरला.

"राजीनामा नामंजूर!"

काकांच्या जिवात जीव आला.

"आणि राजीनाम्याच्या शेवटच्या ओळीत मागितलेली पगारवाढसुद्धा!"