मधेच उतरणारे जिभाऊ

हिरालाल जिभाऊ एस.टी.तून कधीच गावाला उतरत नाहीत. गाव यायच्या आधी उतरतात, नाहीतर गाव मागे पडल्यावर. ना थांबा, ना फाटा, ना सावलीला एखादं झाड, अशा जागी ते उठून उभे राहतात आणि कंडक्टरला म्हणतात, "भाऊ, आमले आठेच उतारी दे."

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते शहाद्याहून तळोद्याला जाताना. दोन्ही अंगांना नुसता कापूस. कंडक्टर नवा होता. त्यानं वाकून खिडकीबाहेर पाहिलं.

"बाबा, आठे काय शे?"

"रस्ता शे ना."

"पण तुमचं तिकीट तळोद्याचं आहे."

"मंग आमनी जागावर कोनले बी बसाडी दे. तळोदालोंग."

गाडी हसली. जिभाऊ हसले नाहीत. आधी स्वतः उतरले, मग हात देऊन बायकोला उतरवलं, आणि दोघं केळीच्या बागेकडे जाणाऱ्या गाडवाटेनं असे निघाले, जसं काही तिकडे लग्नघरी त्यांची पंगत खोळंबली आहे. गाडी सुटेपर्यंत सगळे खिडक्यांतून बघत होते. "म्हातारानं डोकं फिरेल शे," मागून कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत उभी राहिले, तर ते फिरलेलं डोकं समोरच्याच अंगणात तुळशीला पाणी घालत होतं. मी शहाद्याच्या कॉलेजात शिकवायला नुकतीच आले होते, आणि माझ्या भाड्याच्या खोलीसमोरचं घर नेमकं त्यांचं निघालं. जिभाऊ म्हणजे या भागात थोरल्या भावासारखा माणूस. अख्खी गल्ली त्यांना जिभाऊ म्हणायची, त्यांच्या बायकोला आक्का. जिभाऊंची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. "आखी जिंदगी उभ्या गाड्या देख्यात," ते मला म्हणाले, "आते चालत्या देखस."

आठवड्यातून दोन-तीनदा तरी ही जोडी निघायची. नायलॉनची पिशवी, त्यात पाण्याची बाटली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा. हातात काडी वाकलेली छत्री. एका रस्त्यावर उतरायचं, शेतांतून, नाल्यांतून चालत दुसऱ्या रस्त्याला लागायचं आणि तिथं येईल त्या एस.टी.ला छत्री दाखवायची. आल्या वाटेनं परतणं त्यांना मंजूर नव्हतं. कुणी मोटारसायकलवर बसा म्हटलं, तर छत्रीनंच त्याला पुढे जायची खूण करायचे. पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, फिरायचंच आहे तर भाड्यानं गाडी करत जा. जिभाऊंचं उत्तर, "गाडीमा बसनं का वाट दिखस नही."

बरं, स्वतः फिरावं; उन्हातान्हाचं आक्कांना कशाला? हे मी एकदा विचारलं.

"बाईसले अर्धं तिकीट शे, मॅडम. तिले घर बसाडी ठेवं तं सरकारले वाईट वाटी."

आणि त्यापुढे कुणी आणखी काही विचारू नये म्हणून त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "मन्हं डोकंच उलटं शे." ते म्हणून झालं की ते दार लोटून घ्यायचे.

गल्लीला त्यांच्या दोन गोष्टी खटकायच्या. इकडे पुरुष पुढे चालतो आणि बाई पिशवी घेऊन मागून येते. इथं आक्का पुढे आणि जिभाऊ मागे, पिशवीसकट. पोरं सोडा, म्हातारेही त्यावर हसायचे. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. आक्कांना काही विचारलं की उत्तर जिभाऊ द्यायचे. "आक्का, जेवण झालं का?" तर हे ओसरीवरून, "झायं, झायं. वांगानं भरीत व्हतं." आक्का नुसत्या हसायच्या. गोऱ्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. हसल्या की फार छान दिसायच्या. बायका आपसात म्हणत, बिचारीला तोंड उघडू देत नाही मेला.

थंडीच्या सुट्टीत मीच म्हटलं, जिभाऊ, मला न्या ना एकदा. ते घुटमळले. आक्कांकडे बघितलं. आक्का माझ्या ओढणीवरची नक्षी बोटानं चाचपून बघत होत्या. "चाला," ते म्हणाले.

तळोदा गेलं, अक्कलकुवा गेलं, आणि खापर यायच्या आधी आम्ही उतरलो. एक वाट डोंगराकडे चढत होती. सागाची वाळली पानं पायाखाली मोडत होती, कडेनं तूर उभी होती. आक्का पुढे. प्रत्येक तुरीला हात लावत, शेंगा कुरवाळत चालल्या होत्या. मी सातपुड्याकडे बघत होते. जिभाऊ मात्र डोंगराकडे बघतच नव्हते. त्यांची नजर आक्कांच्या पावलांवर होती. त्या थांबल्या की हे थांबत. वाटेला दोन फाटे फुटले की हे गप्प उभे राहत आणि आक्का जिकडे वळतील तीच आमची वाट होई.

दुपारी एका पाड्यावर पोचलो. कुडाच्या भिंतींची चार घरं, अंगणात एक हापसा. एका घरच्या बाईनं खाट टाकून दिली. आक्का बसल्या, जिभाऊंनी पिशवी त्यांच्याजवळ ठेवली. हापसा जड होता. जिभाऊंनी बाटली धरली, मी दांडा हलवू लागले. पाणी यायला वेळ लागला. बाटली भरली, वळून बघतो तर खाट रिकामी. पिशवीही नव्हती.

जिभाऊंच्या हातून बाटली सुटली. हा माणूस कधी घाई करताना मी पाहिला नव्हता. ते धावले. घरामागे, गोठ्यात, कुंपणाशी. "वं! ओ वं!" हाका मारता मारता त्यांचा आवाज चिरकला. पाड्यावरची माणसं जमली. एकानं मोडक्या मराठीत विचारलं, "बाई वाट चुकली काय?"

धाप लागली असतानाही जिभाऊ झटकन म्हणाले, "नही, नही. तिले समदं माहीत शे. मीच चुकनू. मीच सांगेल व्हतं तिले, पुढे चाल म्हनीसन. मन्हं डोकंच उलटं शे."

असं काही त्यांनी सांगितलं नव्हतं. मी सबंध वेळ त्यांच्या शेजारी होते. तेव्हा कुठे मला कळलं.

खाट देणाऱ्या बाईनं नाल्याकडे हात केला. आम्ही निघालो. उतारावर माझ्याकडे न बघता जिभाऊ बोलू लागले.

"संध्याकाय व्हयनी का ती पिशवी भरस. माले मन्हा घर जाऊ द्या म्हनस. घरमाच बठेल ऱ्हास, मॅडम. मी म्हनस, हाईच तुन्हं घर शे. तं रडस. दार ठोकस."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दखाडं ना. गोया चालू शेतस. पन घर काही गोयीमा सापडत नही." वाटेतली फांदी हातानं बाजूला सारत म्हणाले, "एक दिन काहीच उपाय चालना नही. मंग तिले लीसन निंघनू. जी गाडी उभी व्हती तिन्हामा बसनूत, मधमाच उतरनूत, चालनूत. दिवाबत्तीले परत उनूत. तिनी दार देखं, म्हने, उनं वं माय मन्हं घर. आनि शांत झोपनी. तव्हयपासून हाईच करस. दूर जाईसन परत उनं का तिले घर सापडस."

"मग हे कुणाला सांगितलं का नाही? मुलाला तरी?"

"सांगं तं लोके तिन्हाकडे कशी नजरवरी देखतीन?" ते म्हणाले. "आते फक्त मी येडा शे. तेवढं चालस."

नाला ओलांडला. पलीकडे एका दगडावर आक्का बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, लुगड्याचे काठ ओले, एका पायात चप्पल नाही. जिभाऊ लांबच थांबले. डोक्यावरची टोपी काढून टोपीनंच तोंड पुसलं, पुन्हा नीट घातली, श्वास खाली बसू दिला. मग जवळ गेले.

आक्कांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली, पुन्हा फिरवली. आणि परका माणूस समोर आल्यावर घ्यावा तसा डोक्यावर पदर घेतला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "माले मन्हा घर पोचाडी द्या ना. वाट सापडी नही ऱ्हायनी."

मी जिभाऊंकडे बघू शकले नाही. नाल्याच्या काठी चिखलात रुतलेली चप्पल त्यांनी काढली, पाण्यात धुतली, आक्कांच्या पायाशी नेऊन ठेवली आणि दोन हात बाजूला सरून उभे राहिले.

"कोनतं गाव तुमनं?"

"शहादं."

"मी बी तठेच जाई ऱ्हायनू. चाला."

आक्का उठल्या. चप्पल घातली. थोडं चालून झाल्यावर, अंतर राखून चालणाऱ्या त्या भल्या माणसाला त्यांनी आपल्या नवऱ्याबद्दल विचारलं, "शहादाना शेतस तं मन्हा मालकले वयखत व्हशात?"

जिभाऊ म्हणाले, "वयखस. थोडं थोडं."

"चांगला मानूस शे," आक्का म्हणाल्या. "पन माले उशीर व्हयना का जेवत नही. वाट देखी ऱ्हायना व्हई."

"देखीच ऱ्हायना व्हई," जिभाऊ म्हणाले. "तुम्ही सावकाश चाला. तो थांबी."